पंजा उमटलेली वीट

१

समजा, तुमच्यासमोर एक वीट ठेवली आहे. अर्धी तुटलेली, तरी आपल्या घराच्या विटेपेक्षा मोठी आणि जड. रंग फिकट पिवळा, वाळलेल्या मातीसारखा. एकच बाजू तांबूस, आणि त्या तांबूस बाजूवर एका लहान मुलाचा पंजा उमटलेला. अंगठा, चार बोटं, तळहाताचा खळगा. वीट ओली असताना कुणीतरी तिच्यावर हात टेकला आणि बहुधा आईची हाक आली म्हणून पळून गेलं. त्याला बाराशे वर्षं होऊन गेली. आता तुम्ही तुमचा हात त्या पंजावर ठेवून बघा. बसला का? अकरा वर्षांच्या कांताचा हात तर असा बसला होता, की जणू माप तिचंच घेतलं असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वीट नाहीशी झाली.

ही गोष्ट भिलाईची, १९६० सालची. कारखान्याच्या पहिल्या भट्टीतून लोखंड वाहायला लागलं होतं, पण बाकीचं गाव अजून उभं राहायचं होतं. जिकडे बघावं तिकडे लाल मुरूम, परांच्या आणि विटांचे ढीग. कारखाना उभारायला सोव्हिएत देशातून इंजिनियर आले होते. त्यांच्यातल्या एकाची बायको होती सायरा. ती ताजिकिस्तानची, पंजकंत नावाच्या गावची. त्या गावाबाहेरच्या टेकाडावर एका फार जुन्या शहराचे अवशेष आहेत. तिथे खोदकाम चालायचं तेव्हा मिळालेल्या वस्तूंची चित्रं काढायचं काम सायरा करत असे. भिलाईच्या मुलांना ते शहर दाखवावं असं तिच्या मनात आलं. मोठे फोटो, रंगीत चित्रं आणि एकच खरी वस्तू, म्हणजे ती वीट. परत नेऊन द्यायच्या बोलीवर तिला मिळालेली.

कारखान्याच्या वसाहतीतल्या एका सेक्टरच्या नव्या सभागृहात प्रदर्शन भरायचं होतं. मधोमध एक छोटा चौथरा बांधला होता, विटेसाठी. संध्याकाळी मोठी मंडळी यायची होती आणि त्यांच्यासमोर त्या शहराची गोष्ट सांगायला शाळेतून कांताची निवड झाली होती.

सकाळी सगळ्यांच्या देखत गुलाबरावांनी विटेच्या खोक्याचे खिळे उपटले. गुलाबराव म्हणजे सभागृहाचे व्यवस्थापक. बाप रेल्वेत गार्ड, म्हणून स्वतःही सदा शिटी मारायच्या तयारीत असल्यासारखे. झाकण निघालं. आत कापूस होता. सायराने कापूस उचलला. खाली आणखी कापूस होता.

"गेली," गुलाबराव म्हणाले. मग मागे वळून त्यांनी दाराकडे बघितलं. दारात हातात खराटा घेऊन गिरजाबाई उभी होती.

२

गिरजाबाई मजुरांच्या वस्तीत, कॅम्प-एकमध्ये, कांताच्या शेजारच्या झोपडीत राहायची. नवरा गेलेला, पदरात एक पोर. सभागृह झाडायचं काम तिला मागच्याच दिवाळीत लागलं होतं, आणि त्यावर तिला क्वार्टर मिळायची आशा होती. कांता तिला मावशी म्हणायची. शाळेतून आल्यावर आई कामावर असली, की कांताच्या हातावर भाकरी ठेवणारी हीच.

"काल सांजेले हॉल बंद केला तेव्हा ही होती, आज सकाळी उघडला तेव्हा हीच होती," गुलाबराव म्हणाले. "तुमच्या कॅम्पात विटा कुठून येतात ते मले माहीत आहे बाई. साइटवरून वीट उचलायची, चूल मांडायची. आता रशियन मॅडमच्या विटेवर भात शिजून राहिला असन."

"साहेब, मी खोक्याले हात नाही लावला," गिरजाबाई म्हणाली. "झोपडीत येऊन पाहा ना. चूल मातीची आहे माही."

"मी कशाले पाहू? पोलीस पाहतीन. आत्ता फोन करतो, चार वाजेपर्यंत जीप येईन."

पोलीस हा शब्द ऐकताच गिरजाबाईच्या हातातला खराटा खाली पडला. कांताला वाटलं आपण काहीतरी बोलावं.

बोलल्या त्या वसुंधराबाई. कांताच्या वर्गशिक्षिका. बाई हळू बोलायच्या, आणि प्रश्न विचारून झाला की उत्तर येईपर्यंत थांबायच्या. वर्गातल्या पोरांना छडीपेक्षा त्यांच्या थांबण्याची भीती वाटायची.

"गुलाबराव, खोक्याचं झाकण तुम्ही आत्ता आमच्यासमोर उपटलंत ना?"

"हो तर."

"म्हणजे त्याला खिळे होते."

"होते की."

"चोर वीट काढून घेतो आणि मग हातोडीने खिळे परत ठोकत बसतो?"

गुलाबराव थांबले. बाईही थांबल्या. "असतात असे चोर," ते शेवटी म्हणाले आणि फोन करून हार आणायच्या निमित्ताने बाहेर गेले.

बाईंनी गिरजाबाईला बाकावर बसवलं, पाणी दिलं. "गिरजाबाई, सकाळी तुम्ही आलात तेव्हा काय काय दिसलं, तेवढं सांगा. काय वाटलं ते नको."

गिरजाबाईने डोळे पुसले. "हॉल उघडाच होता. गुलाबरावसाहेब आत होते. मले म्हणे आज मागच्या अंगणात झाडू नको, धूळ उडते. म्हणून म्या पुढंच झाडलं."

"रोज झाडता मागे?"

"रोज. नाही झाडलं तर तेच बोंबलते."

बाईंनी कांताकडे बघितलं. "चार वाजेपर्यंत आपल्याला वेळ आहे. तुझे डोळे चांगले आहेत आणि ती वीट तू हाताळली आहेस. मी विचारते, तू बघ."

कांताने मान हलवली. तेव्हा तिला एवढंच माहीत होतं, की गिरजामावशीला वाचवायचं आहे. बघता बघता आपल्याला काय दिसणार आहे याची तिला कल्पना नव्हती.

३

सायरा फोटोंच्या रांगेसमोर जमिनीवरच बसली होती. तिची हिंदी बाजारात शिकलेली, पण तिच्या ताजिक बोलीतले कितीतरी शब्द इथले निघायचे. दरवाजा, बाजार, कारखाना, दुश्मन. पहिल्या दिवशी तिने विटेवरचा पंजा दाखवून 'दस्त' म्हटलं, तेव्हा कांता म्हणाली होती, "म्हणजे दस्तखत?" आणि सायरा खूप हसली होती.

आज ती हसत नव्हती.

"दीदी, ही वीट कुणाला हवी असेल?" बाईंनी विचारलं. "विकली तर काही येईल?"

"कौन लेगा? सोना नहीं, मूर्ति नहीं. मिट्टी है." सायराने तळवे वर केले. "मैं वापस जा के क्या बोलूँगी? एक बच्चे का हाथ मुझे दिया था, मैंने खो दिया."

"घर कसं होतं त्या मुलाचं? आम्हाला पुन्हा सांगा. कांता संध्याकाळी सांगणार आहेच."

कांताला कळलं की बाई वेळ घालवत नाहीयेत. एखादी गोष्ट हरवली की बाई वर्गातही असंच करायच्या: वस्तू कुठे गेली ते विचारायच्या आधी वस्तू काय होती ते विचारायच्या.

सायरा उठली आणि एकेका फोटोसमोर थांबत सांगू लागली. झरफशान नदीच्या काठी, डोंगराच्या कुशीत ते शहर. लोक सोग्दी. व्यापारात हुशार, त्यांचे तांडे रेशीम आणायला थेट चीनपर्यंत जायचे. घरं दुमजली, भिंती चित्रांनी भरलेल्या. हे बघा, चार हातांची देवी. ही वाद्य वाजवणारी बाई, बोटं बघा कशी नाजूक. राजाचं नाव देवाश्तिच. अरबांची फौज आली तेव्हा तो माणसं घेऊन डोंगरातल्या किल्ल्यात गेला, पण वाचला नाही. शहराला आग लागली.

"और ये," सायरा म्हणाली. फोटोत लाकडात कोरलेली एक नाचणारी बाई होती, सबंध काळी, कोळशासारखी. "लकड़ी हज़ार साल नहीं रहती. सड़ जाती है. ये रह गई. क्यों?"

"जळली म्हणून," कांता म्हणाली. हे तिला पाठ होतं.

"हाँ. जो जला, वो बचा. आग ने जलाया, आग ने ही रखा."

"आणि बाकीचं शहर?" बाईंनी विचारलं. "जे जळलं नाही ते?"

"लोग लौट आए, थोड़े साल रहे. फिर छोड़ के नीचे नदी के पास चले गए. छत गिरी." सायराने बोटं हलवत हात वरून खाली आणला, पाऊस दाखवावा तसा. "फिर जो नहीं जला, उसको बारिश ले गई. दीवार पहले घुटने जितनी, फिर टीला. अब बकरियाँ चरती हैं."

शेवटच्या फोटोत खरंच नुसती गवताळ टेकाडं होती. शहर कुठेच दिसत नव्हतं. कांताने तो फोटो कितीदा तरी पाहिला होता. आज मात्र तिला तो नीट बघावासा वाटला, आणि का ते तिला सांगता येईना.

तेवढ्यात बाईंनी हाक मारली. "कांता, इकडे ये. हा चौथरा बघ."

४

चौथरा कांताच्या आबाजींनी बांधला होता. आबाजी म्हणजे तिच्या आईचे वडील, रामाजी मिस्त्री. भंडाऱ्याकडून ते भिलाईत आले ते थापी आणि ओळंबा घेऊन, आणि या सेक्टरमधल्या कितीतरी क्वार्टरच्या भिंती त्यांच्या हातच्या. कांता लहानपणापासून त्यांच्या मागे मागे फिरलेली. कालच शाळेतून येताना ती मागच्या अंगणात त्यांच्यापाशी बसली होती. अर्ध्या कापलेल्या डांबराच्या ड्रममध्ये ते विटा बुडवत होते, आणि विटांतून बुडबुडे येत होते.

"पाह्य पोरी, पिऊन राहिली," आबाजी म्हणाले होते. "तहानलेली वीट भिंतीत घालू नये. ते सिमेंटचं पाणी ओढून घेते, अन् भिंत पोचट होते. आधी तिचं पोट भरू द्यायचं, मंग कामाले लावायचं. माणसासारखंच आहे ते."

"अन् बुडबुडे थांबले की?"

"थांबले की ढेकर दिली समज."

आता ती त्याच चौथऱ्यासमोर उभी होती. चारी बाजूंनी गिलावा आरशासारखा गुळगुळीत. आबाजींचं काम. बाईंनी वरचं मखमली कापड उचललं.

वरचा भाग तसाच खरबरीत होता. गिलावा नव्हता, आणि थापीच्या टोकाने आडव्या-उभ्या रेघा ओढलेल्या होत्या.

"काम अर्धवट राहिलं का तुझ्या आबाजींचं?" बाईंनी विचारलं.

"नाही बाई." कांता बोलून गेली. "वर आणखी काही बसवायचं असलं तरच अशा रेघा ओढतात. म्हणजे सिमेंट धरते."

"पण वीट तर मखमलीवर नुसती ठेवायची होती. परत न्यायची आहे ना ती."

गुलाबराव हार घेऊन आत येत होते. बाईंनी त्यांना तिथूनच विचारलं, "गुलाबराव, ही वीट चौथऱ्यावर पक्की बसवा असं रामाजींना कुणी सांगितलं?"

"कोण सांगन? मी तर काल सांजेले मिस्त्रीले पाह्यलंच नाही."

"नाही पाह्यलं?"

"नाही म्हणतो ना. आज आलाच नाही तो. ताप भरला म्हणे. चला बाई, पोरीले गाणं-बिणं शिकवा, इथं जासूसी कावून करून राहिले तुम्ही? चोर सापडली आहे."

ते गेले. कांताच्या मनात मात्र एक गोष्ट अडकली होती. आबाजींना ताप? सकाळी ती उठली तेव्हा आबाजी घरी नव्हते. ते उजाडायच्या आधीच कामावर गेले असं आई म्हणाली होती.

मग आज आलेच नाहीत, असं कसं?

५

ती मागच्या दाराने अंगणात गेली. गिरजामावशीला जिथे झाडू नको म्हटलं होतं, तिथे.

ड्रमवर बारदान टाकलेलं होतं. बाजूला मुरुमात आबाजींची थापी पडलेली होती. कांता तिथेच उभी राहिली. आबाजी कधी थापी टाकून जात नसत. जेवायला बसले तरी आधी थापी धुऊन, पुसून पिशवीत ठेवत. लाकडी मुठीवर झिजून त्यांच्या अंगठ्याचा खळगा पडला होता. दुसऱ्या कुणाची ती असूच शकत नव्हती. म्हणजे आबाजी सकाळी इथे आले होते, आणि असं काहीतरी पाहून गेले होते की हातातली थापी गळून पडली तरी त्यांना कळलं नव्हतं.

तिने बारदान उचललं.

विटा भिजवलेल्या ड्रमचं पाणी तिने शंभरदा पाहिलं होतं. ते लाल असतं. तळाशी लाल चुरा बसतो. आज त्या लाल चुऱ्यावर गाळाचा जाड थर होता, आणि तो गाळ फिकट पिवळा होता. भिलाईत तशी माती नव्हती. शेजारच्या रिसाली गावाच्या शेतांकडे काळी, इथे लाल. ही माती इथली नव्हती.

मग सायराचा हात तिच्या डोळ्यांपुढे आला. बोटं हलवत वरून खाली येणारा. जो नहीं जला, उसको बारिश ले गई.

उन्हात वाळवलेली, न भाजलेली वीट. ज्या विटांचं सबंध शहर पावसाने नेलं, त्यातली एक. आणि तिला कुणीतरी आधी पाणी पाजलं होतं, भिंतीत घालायच्या आधी, माणसासारखं.

हे दुसऱ्या कुणी केलंच नसतं. वीट चोरणारा पळवून नेतो. झाडणारी बाजूला ठेवते. तिला प्रेमाने ड्रममध्ये बुडवून ठेवतो तो फक्त चांगला गवंडी.

"काय आहे त्यात?" मागून बाईंचा आवाज आला.

"काही नाही, बाई."

कांता बाईंशी आजवर कधी खोटं बोलली नव्हती. बाई पुढे आल्या. त्यांनी ड्रममध्ये बघितलं, मग थापीकडे बघितलं, मग कांताकडे. आणि नेहमीसारख्या थांबल्या. पण या वेळी उत्तर आलं नाही, तरी त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

"मी आत गिरजाबाईजवळ बसते," त्या म्हणाल्या. "जीप आली की मला जे कळलंय ते मला सांगावं लागेल, कांता. तिला मी नेऊ देणार नाही. पण तोवर वेळ तुझा आहे."

बाई गेल्या. कांताने थापी उचलली, फ्रॉकला पुसली आणि कॅम्पच्या दिशेने धावत सुटली.

६

आबाजी झोपडीत भिंतीकडे तोंड करून पडले होते. कांताने थापी त्यांच्या उशाशी ठेवली. त्यांनी ती बघितली आणि उठून बसले. कपाळाला ताप नव्हता.

"तुले समजलं," ते म्हणाले.

"हो."

"गुलाबराव मले सांजेले म्हणे, मिस्त्री, ही वीट वर पक्की बसवून टाक. कोणी उचलून नेली तर माह्या गळ्यात येईन. म्या म्हणलं, रशियन बाईले विचारलं का? म्हणे, तू आपलं काम कर. त्यानंच खोकं उघडून वीट काढून देल्ली. म्या वाजवून पाह्यली. लाल बाजूवर टकटक केलं, तर पक्क्या विटेवानी वाजली. म्हणलं, लय जुनी आहे, लय तहान असन. रातभर पिऊ दे." त्यांनी आपले हात उलटे करून बघितले. "सकाळी पाहतो तर पाण्याखाली नुसता गाळ. पोरी, चाळीस वरसं विटा भिजवून राहिलो म्या. पाण्यात मरणारी वीट हातात आली, अन् मले वळखू नाही आली."

"मग तुमी सांगतलं कावून नाही?"

"त्याले सांगतलं ना. तो म्हणे, चूप राह्य. तोंड उघडलं तर या सेक्टरात तुले वीट लावू देणार नाही. खोक्याले खिळे ठोकतो, कोणी नेली म्हणू, दोन दिवसांत इसरतीन लोक."

"आबाजी, त्यानं गिरजामावशीचं नाव घेतलं आहे. चार वाजता पोलीस येऊन राहिले."

आबाजी उठले. मग खुंटीवरचा सदरा काढून त्यांनी अंगात घातला. गुंड्या सगळ्या लावल्या. "चाल," ते म्हणाले. "गिरजीनं तुले भाकर देल्ली आहे."

दोघं सभागृहाकडे निघाले. कारखान्याच्या बाजूने धूर आकाशात चढत होता. कांताच्या डोक्यात सायराची वाक्यं फिरत होती, आणि त्यातलं एक सारखं मध्येच अडखळत होतं. ते पावसाचं वाक्य नव्हतं. ते आगीचं होतं. जो जला, वो बचा.

ती रस्त्यातच थांबली.

"आबाजी, वाजवली तेव्हा लाल बाजू वाजली म्हणता?"

"हो. म्हणून तर फसलो."

"ती लाल कावून होती? बाकी वीट पिवळी, अन् एकच बाजू लाल?"

आबाजींनी तिच्याकडे बघितलं. विटेला लाल रंग कशाने येतो हे त्या माणसाला सांगायची गरज नव्हती. "आगीत भाजली असन तेवढी बाजू," ते हळूच म्हणाले. "गाव जळलं तवा."

"भाजलेली वीट पाण्यात विरघळते?"

"नाही."

"तुमी गाळात हात घालून पाह्यला?"

"नाही, पोरी." आबाजी म्हणाले. "त्याच्यावर लेकराचा हात होता. माही हिंमत नाही झाली."

सभागृहासमोर जीप उभी होती. आत इन्स्पेक्टर गिरजाबाईला नाव विचारत होते, बाई तिच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या होत्या, आणि गुलाबराव इन्स्पेक्टरांना खुर्ची देत होते. रामाजी मिस्त्री पुढच्या दाराने आत गेले.

"साहेब, तिले सोडा," ते म्हणाले. "वीट म्या भिजवली."

गुलाबराव खुर्ची धरून तसेच उभे राहिले. "तापात बडबडते म्हातारा," ते म्हणाले.

"तुम्ही तर त्यांना काल संध्याकाळी पाहिलंच नव्हतं ना, गुलाबराव?" वसुंधराबाई म्हणाल्या. "मग चौथऱ्याच्या वरच्या रेघा कुणाच्या सांगण्यावरून ओढल्या गेल्या? मखमलीवर ठेवायच्या विटेला सिमेंट कशाला लागतं? खोकं उघडून वीट बाहेर काढायची, आणि मग सावकाश खिळे ठोकायचे, एवढी सवड या इमारतीत कुणाला होती? आणि सकाळी आत तुम्ही असताना गिरजाबाईंना मागचं अंगण झाडू नका असं कुणी सांगितलं?" एकामागून एक प्रश्न विचारून झाल्यावर त्या थांबल्या. इन्स्पेक्टरही थांबले.

गुलाबराव खुर्चीवर बसले. ती इन्स्पेक्टरांसाठी आणलेली होती, हे त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

रामाजी सायरासमोर गेले. "बाई, तुमची अमानत माह्या हातानं गेली," ते म्हणाले. सायराला वाक्य कळलं नसेल, पण अमानत कळलं. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

कांता त्या वेळी आत नव्हती. ती मागच्या अंगणात ड्रमपाशी गुडघ्यावर बसली होती. तिने बाही खांद्यापर्यंत वर सारली आणि हात पाण्यात घातला. पाणी थंड होतं. गाळ सायीसारखा मऊ, बोटांतून निसटणारा. तिने हळूहळू चाचपलं, कडेने, मग मध्ये. गाळ, गाळ, आणि मग बोटांना काहीतरी कडक लागलं. भाकरीएवढं पातळ, कडेला खडबडीत. तिने ते ओढलं नाही. त्याच्यावरून नुसता हात फिरवला. एक खळगा लागला, त्याच्या शेजारी दुसरा, आणि मग पाण्याखाली, गाळाखाली, न बघता, तिची पाचही बोटं आपापल्या जागी बसली.

तिने ते दोन्ही हातांनी उचलून बाहेर काढलं. कपची कोपऱ्यात तुटली होती. पंजा शाबूत होता.

ती आत आली तेव्हा तिच्या कोपरापासून पिवळं पाणी ठिबकत होतं. आधी सायराने बघितलं. ती ओरडली नाही. तिने फक्त आबाजींचा हात पकडला आणि त्यांना वळवून दाखवलं. आबाजी बघत राहिले. मग तिथेच फरशीवर खाली बसले.

"इकडे दे," गुलाबराव घाईने उठत म्हणाले. "मी ठेवतो जागेवर. पडन तुझ्या हातून."

कांताने त्यांच्याकडे बघितलं. मग ती त्यांच्या बाजूने पुढे गेली, बाकाजवळ थांबली, आणि तो ओला पंजा गिरजामावशीच्या ओंजळीत ठेवला.

"मावशी," ती म्हणाली, "तुमी ठेवा."